गोळीचं काम किती? दहावीतल्या एका मुलीच्या ॲनोरेक्झियाचं प्रकरण

ॲनोरेक्झिया म्हणजे वजन वाढण्याच्या तीव्र भीतीने खाणं कमी कमी करत जाण्याचा मानसिक आजार. हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातलं. मुलीला इथे सई म्हणू. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे तपशील बदलले आहेत. तिच्या वजनाचे आकडे मी मुद्दाम दिलेले नाहीत, कारण या आजारातली मुलं असे आकडे शोधून वाचतात आणि त्यांच्याशी स्पर्धा लावतात. औषधांचे डोस दिलेत ते आमचे निर्णय समजावेत म्हणून. दुसऱ्या कुणासाठी ते लागू पडतीलच असं नाही.

पार्श्वभूमी

सई पंधरा वर्षांची. आई बँकेत, बाबा कारखान्यात सुपरवायझर, धाकटा भाऊ आणि आजी. स्वयंपाकघर आजीच्या ताब्यात. सई लहानपणापासून कमालीची नेटकी होती. वहीत एक शब्द खोडावा लागला तर अख्खं पान पुन्हा लिहायची. अकराव्या वर्षापासून निघताना गॅसचा कॉक आणि दाराची कडी परत परत तपासायची. घरात याला शिस्त म्हणत आणि पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

नववीच्या उन्हाळ्यात बाबांना साखर निघाली. त्यांनी दिवसातून दोनदाच जेवायचं असा नेम धरला आणि सईनेही तो उचलला. पुढे श्रावण आला. सोमवार, शनिवार, चतुर्थी असे उपवास तिने आपणहून धरले. आजी खूश झाली. पण साबुदाण्याच्या खिचडीत तूप असतं आणि दाण्याचं कूट असतं म्हणून ती खिचडीही खाईना. अर्धं सफरचंद आणि पातळ ताक, एवढ्यावर दिवस निघायचा. नवरात्रात नऊ दिवस तेच. शाळेचा डबा रिकामा घरी यायचा, तो मैत्रिणींनी रिकामा केलेला असायचा. अभ्यास उभ्याने सुरू झाला. मग जिन्याच्या फेऱ्या. गणपतीनंतर पाळी आली नव्हती. दिवाळीत मामा आला, त्याने दारातच विचारलं, "हिला झालंय काय?" तोवर सहा महिन्यांत वजनाचा जवळपास चौथा हिस्सा गेला होता.

उपवासामुळे आजार झाला असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे लाखो मुली उपवास करतात आणि संध्याकाळी पोटभर जेवतात. पण ज्या घरात न जेवण्याचं कौतुक होतं, तिथे आजार बराच काळ दडून राहू शकतो.

आमच्याकडे येईपर्यंतची औषधं

नोव्हेंबरअखेर सई आमच्याकडे आली, तेव्हा फाईलमध्ये तीन ठिकाणच्या चिठ्ठ्या होत्या.

पहिल्या चिठ्ठीत भूक लागण्याचं सिरप, म्हणजे सायप्रोहेप्टाडीन, आणि बी-१२ ची इंजेक्शनं. मूल खात नाही म्हटल्यावर आपल्याकडे हे अगदी सर्रास दिलं जातं. अडचण अशी की सईला भूक लागत होती. ती रात्री मोबाईलवर रेसिपीचे व्हिडिओ बघायची, भावासाठी चीज घालून सँडविच करायची आणि तो खाताना समोर बसून राहायची. या आजारात बऱ्याचदा भूक शाबूत असते आणि भीती तिच्यावर कुरघोडी करते. त्या भीतीवर सिरप चालत नाही.

दुसऱ्या चिठ्ठीत पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या. गोळ्या संपल्यावर रक्तस्राव झाला, घर निश्चिंत झालं आणि आणखी काही आठवडे गेले. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसलं की मेंदू पाळीचं चक्र बंद करून ठेवतो. गोळीने आलेला स्राव गोळीचा असतो, चक्र सुरू झाल्याची ती खूण नव्हे. तोंडाने घ्यायच्या अशा गोळ्यांनी उपाशी मुलीची हाडंही ठिसूळ व्हायची थांबत नाहीत.

तिसऱ्या चिठ्ठीत फ्लुओक्सेटीन, म्हणजे नैराश्यावरची गोळी, २० मिलिग्रॅम. सई रडत होती, मैत्रिणींशी बोलत नव्हती, झोप उडाली होती. डिप्रेशन वाटावं असंच सगळं. आठ-दहा आठवडे गोळी नियमित घेतली, फरक शून्य.

इथे जरा थांबायला हवं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्यापैकी कुणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. तरी ते उदास झाले, चिडके झाले, माणसं टाळू लागले, पाककृती जमवू लागले, एकेक जेवण तासन्‌तास लांबवू लागले. म्हणजे सईत दिसणारं बरंचसं दुःख उपासमारीतूनच आलेलं असू शकत होतं. नैराश्यावरच्या या गटातल्या गोळ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करतात आणि सेरोटोनिनचा कच्चा माल अन्नातून येतो. उपाशी मेंदूत त्या लंगड्या पडत असाव्यात, असा एक तर्क त्यामुळे मांडला जातो. वजन भरून आल्यानंतरही चित्र फारसं उजळ नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वजन सावरलेल्या ९३ रुग्णांना वर्षभर फ्लुओक्सेटीन किंवा औषध नसलेली खोटी गोळी दिली, सोबत मानसोपचारही केले. आजार उलटण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही.

प्रश्न नेमका काय होता

नाडी दिवसा मिनिटाला ४६. रक्तदाब ८६/५४. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. हातपाय गार, दंडावर बारीक लव. हा शरीराचा प्रश्न होता आणि तो सगळ्यात तातडीचा होता. त्यामागे खाण्याची भीती. आणि त्याच्याही मागे, आजाराच्या चार वर्षं आधीपासूनचा तपासण्याचा चाळा. हे तीन थर वेगळे ओळखणं पुढे फार उपयोगी पडलं.

बाबांचं म्हणणं सरळ होतं, "डॉक्टर, दहावीचं वर्ष आहे. जे काही स्ट्राँग औषध असेल ते द्या, खर्चाचं बघू नका." आजीचं त्याच्या उलट, "मनाच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. उद्या हिच्या लग्नाच्या वेळी काय सांगायचं?" आई गप्प होती. तिच्या मांडीवर रजेचा अर्ज होता, न भरलेला.

समोरचे पर्याय

फ्लुओक्सेटीनचा डोस वाढवणं हा सगळ्यात सोपा पर्याय होता आणि बाबांना तोच हवा होता. वर सांगितलेल्या कारणांमुळे तो आम्ही बाजूला ठेवला. लगेच ओलान्झापिन हे मनोविकारावरचं औषध सुरू करणं हा दुसरा. तिसरा, घरीच कुटुंबाच्या मदतीने जेवण सुरू करणं. चौथा, आधी दाखल करणं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲनोरेक्झियासाठी आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. ब्रिटनच्या नाईस या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक सूचना सांगते की या आजारात औषध हा एकमेव उपचार म्हणून देऊ नये. किशोरवयीन मुलांसाठी सर्वांत भक्कम पुरावा आहे तो कुटुंबाधारित उपचाराचा, म्हणजे मुलाच्या खाण्याची जबाबदारी आईबाबांनी हाती घेण्याचा. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात ही पद्धत आकाराला आली. २०१० च्या एका चाचणीत १२१ किशोरवयीन रुग्ण होते. उपचार संपल्यावर वर्षभराने कुटुंबाधारित गटातले जवळपास निम्मे पूर्ण बरे होते. एकट्या मुलाशी बोलून केलेल्या उपचारात हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास होतं.

ही आकडेवारी बाबांपुढे ठेवली तेव्हा ते नाराज झाले. गोळी हवी होती आणि हातात स्वयंपाकघर आलं.

पहिला निर्णय: आधी शरीर

नाडी पन्नासच्या खाली म्हटल्यावर घरी पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. सईला बालरोग विभागात दाखल केलं. ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर. फ्लुओक्सेटीन बंद केलं. ते शरीरात बराच काळ रेंगाळतं, त्यामुळे २० मिलिग्रॅमवरून थेट थांबवता आलं.

खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात अन्न जाऊ लागलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय संकटात येऊ शकतं. तिसऱ्या दिवशी सईचं फॉस्फेट घसरलंच. रोज तपासत होतो म्हणून कळलं. तोंडावाटे फॉस्फेट देऊन ते सावरलं; थायमिनही (बी-१ जीवनसत्त्व) दिलं. मानसोपचाराच्या गोळीची चर्चा या आठवड्यात केलीच नाही.

याच आठवड्यात एक रिपोर्ट घोळ घालून गेला. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. बाबांनी रिपोर्ट मोबाईलवर पाहिला आणि आईला फोन केला, "तूप बंद कर तिचं." सईने ते ऐकलं आणि दुपारचं ताट सरकवलं. उपासमारीतही कोलेस्टेरॉल वाढतं आणि नीट जेवल्यावर बहुतेकदा आपसूक खाली येतं. हे बालरोगतज्ज्ञांनी बाबांना समोर बसवून सांगितलं, आणि सईलाही सांगितलं. तरी पुढचे कित्येक दिवस ती त्या एका आकड्यावर अडून बसायची.

दुसरा निर्णय: घरी, गोळीविना

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घरी सोडलं. सहा वेळा खाणं. काय आणि किती, हे आईबाबा ठरवणार. सईशी त्यावर वाटाघाटी नाहीत. आईने रजा टाकली. बाबांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारून दोन वेळांचा नेम सोडला आणि ते सईबरोबर टेबलावर बसू लागले.

उपवासाचा पेच आजीनेच सोडवला. "आजाऱ्याला उपवास नसतो, शास्त्रातच आहे," असं तिने जाहीर केलं. हे वाक्य आमच्यापैकी कुणी म्हटलं असतं तर त्याला काडीचंही वजन आलं नसतं.

पण जेवणं फार कठीण गेली. आईने एका भेटीत मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. वरणभात, वर चमचाभर तूप. सई बोटाने तूप लागलेली शितं एकेक करून ताटाच्या कडेला सारतेय. आई म्हणते, "तेवढं घे बाळा, मी इथेच बसलेय." सई म्हणते, "आई, तू शत्रू आहेस माझी." आणि उठून उभी राहते. बसत नाहीच. त्या एका ताटाला दोन तास लागले होते.

जानेवारीच्या सुरुवातीला वजन अडकलं. सई रात्री दोन-तीन वाजेपर्यंत जागी. जेवण झालं की मनगटावर नखांनी ओरखडे. आईबाबांची ताकद संपत आली होती.

तिसरा निर्णय: ओलान्झापिन

ओलान्झापिन हे मुळात स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर विकाराचं औषध. ॲनोरेक्झियासाठी मान्यता नसताना ते या आजारात वापरलं जातं, आणि हे आम्ही कुटुंबाला स्पष्ट सांगितलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५२ प्रौढ रुग्णांच्या १६ आठवड्यांच्या चाचणीत खोट्या गोळीपेक्षा वजन थोडं जास्त वाढलं. वजनाबद्दलच्या विचारांवर मात्र ठोस परिणाम दिसला नाही. किशोरवयीन मुलांबाबत पुरावा याहून तोकडा. म्हणजे हा जुगार नव्हता, पण खात्रीचा मार्गही नव्हता.

सुरू करण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहिल्या. गोळी कशासाठी: जेवताना बसता यावं, ताट तासाभरात संपावं, रात्री झोप लागावी. केव्हा बघायचं: सहा आठवड्यांनी, आणि फरक नसेल तर बंद. कधी थांबवायची: वजन पूर्ववत होऊन दोन महिने टिकलं की. वजनवाढ हे गोळीचं उद्दिष्ट म्हणून लिहिलं नाही. वजन जेवणाने वाढायचं होतं.

सईने गोळीचं नाव आधीच शोधून काढलं होतं. "ही गोळी खाऊन लोक जाड होतात. तुम्ही मला फसवताय."

मी म्हटलं, "काहींचं वजन वाढतं, खरं आहे. तुझं वजन वाढायलाच हवंय, गोळी असो वा नसो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. ताटासमोर डोक्यात जो गोंगाट होतो तो थोडा कमी व्हावा, म्हणून ही गोळी."

"आणि नंतर माझी भूक थांबलीच नाही तर?"

या प्रश्नात तिचा सगळा आजार होता. उत्तर म्हणून कागदावर चौथी ओळ लिहिली: दर आठवड्याला वजन, उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी ठरल्या वेळी, आणि वाढ ठरल्यापेक्षा पुढे जाऊ लागली तर डोस कमी. ती अर्ध्या गोळीला तयार झाली. अल्पवयीन असल्यामुळे संमती आईबाबांची लागते, पण तिचा होकार नसता तर मी आणखी एक आठवडा बोलत राहणं पसंत केलं असतं.

पहिल्या दोन गोळ्या उशीच्या अभ्र्यात सापडल्या. आईने आरडाओरडा केला नाही. तेव्हापासून ती स्वतः दुधाबरोबर गोळी देऊ लागली. १.२५ वरून २.५ आणि मग ५ मिलिग्रॅम. त्यापुढे गेलो नाही. सकाळी ती इतकी पेंगायची की क्लासचा पहिला तास जायचा, म्हणून गोळी रात्री दहाऐवजी साडेसातला, जेवणाआधी देऊ लागलो. त्याने बराच फरक पडला.

तीनेक आठवड्यांत सई ताटावर बसू लागली. पहिल्यांदा बसली तेव्हा आईने आम्हाला फोन केला होता. ताट तासाभरात संपू लागलं. याचं सगळं श्रेय गोळीला देता येणार नाही, कारण त्याच काळात आईबाबाही वाद न घालता वाढायला शिकले होते.

बोर्डाची परीक्षा आणि एक हट्ट

फेब्रुवारीत बाबा म्हणाले, "आता जेवतेय ना? परीक्षेपुरती गोळी बंद करू, झोप येते तिला." आम्ही नकार दिला. परीक्षेच्या ताणात गोळी काढून जेवण ढासळलं असतं, तर पेपरही गेले असते आणि महिन्यांची मेहनतही. वर्ष सोडण्याचा पर्यायही खुला ठेवला होता. वजन चढत होतं म्हणून परीक्षेला बसू दिलं; मधल्या खाण्याचा डबा केंद्राबाहेर उभ्या आईच्या हातात. गुण अपेक्षेपेक्षा कमी पडले. बाबांना ते लागलं.

जूनपर्यंत वजन तिच्या स्वतःच्या वाढीच्या रेषेवर आलं. ऑगस्टमध्ये पाळी आपणहून आली. ओलान्झापिन तोवर टप्प्याटप्प्याने उतरवून बंद झालं होतं.

चौथा निर्णय: तीच गोळी, दुसऱ्यांदा

रडणं आणि एकटेपणा अन्नाबरोबर ओसरला, नैराश्याची एकही गोळी न देता. तपासण्याचा चाळा मात्र राहिला. अकरावीच्या कॉलेजला निघताना गॅस, कडी, दप्तर, पुन्हा गॅस. चाळीस मिनिटं जायची. हा जुना थर आता उघडा पडला होता आणि त्याला नाव होतं: ओसीडी, म्हणजे तेच विचार पुन्हा पुन्हा येणं आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं.

सप्टेंबरमध्ये पुन्हा फ्लुओक्सेटीन सुरू केलं. आजी भडकली, "हीच गोळी मागे दिली होती, काही झालं नाही." तिचा मुद्दा रास्त होता. फरक एवढाच की तेव्हा मेंदू उपाशी होता आणि गोळी कशासाठी दिली हे ठरलेलं नव्हतं. मुलांमधल्या ओसीडीसाठी फ्लुओक्सेटीनला मान्यता आहे. पण या गटातल्या औषधांमुळे काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेत २००४ पासून त्यांच्यावर ठळक इशारा असतो. त्यामुळे पहिला महिना दर आठवड्याला भेट, आणि प्रत्येक भेटीत सईला एकटीला सरळ प्रश्न: जीव नकोसा वाटतो का? सोबत न तपासता घराबाहेर पडण्याचा सराव. ४० मिलिग्रॅमवर, डिसेंबरपर्यंत, ती दहा मिनिटांत घराबाहेर पडू लागली.

एक खुलासा करतो, कारण पालक हे आजार एकत्र करतात. सईला खूप खाऊन उलटी काढण्याचा, म्हणजे बुलिमियाचा त्रास असता, तर फ्लुओक्सेटीनचा विचार आधीच झाला असता. प्रौढांमध्ये ६० मिलिग्रॅमला त्याचा उपयोग सिद्ध आहे. तिथेही नाईसच्या मते एकटं औषध पुरेसं नाही. बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं दुसरं औषध मात्र ॲनोरेक्झिया आणि बुलिमिया या दोन्ही आजारांत टाळायचं, कारण आकडी येण्याचा धोका वाढतो.

वेगळं काय करता आलं असतं

सिरप दिलं त्या दिवशी वजन केलं होतं. पण लसीकरणाच्या फाईलमधल्या जुन्या वजनांशी ते ताडून पाहिलं असतं, तर आजार श्रावणातच पकडला गेला असता. पाळीच्या गोळीआधी "दिवसभरात काय खातेस?" हा एक प्रश्न पुरला असता. पहिल्या फ्लुओक्सेटीनआधी नाडी मोजायला हवी होती.

ओलान्झापिनच्या वेळेबद्दल आमच्या टीममध्ये आजही एकमत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या मते ते दाखल असतानाच सुरू करायला हवं होतं, म्हणजे घरातले पहिले तीन-चार आठवडे इतके भयंकर गेले नसते. माझं मत वेगळं आहे. तेव्हा दिलं असतं तर आईबाबांनी सारा भार गोळीवर टाकला असता आणि टेबलावर बसायला ते शिकलेच नसते. पण इतकं थांबायचीही गरज नव्हती. आता अशा प्रकरणात घरी गेल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही हा प्रश्न पुन्हा टेबलावर घेतो.

आजीला पहिल्या बैठकीत बोलवायला हवं होतं. जिच्या हातात कढई आहे, ती बाहेर बाकावर बसून राहिली. आणि औषधांचा इतिहास तीन चिठ्ठ्यांत विखुरला होता. आता आम्ही प्रत्येक कुटुंबाला एक कागद देतो: औषध, कशासाठी, कधीपासून, कुणी थांबवलं, का. तो घेऊनच पुढच्या डॉक्टरकडे जायचं.

सध्याची स्थिती

अकरावीच्या सहामाहीत वजन थोडं घसरलं. बाबांनी लगेच विचारलं, "ओलान्झापिन परत?" सई खात होती, बसत होती, झोपत होती; कागदावरच्या तीनपैकी एकही लक्षण नव्हतं. गोळी दिली नाही. दोन आठवडे वाढण्याचं काम पुन्हा आईकडे गेलं, मैत्रिणींबरोबरच्या कॉलेजच्या डब्याऐवजी घरी भावाबरोबर जेवण, आणि वजन जागेवर आलं. फ्लुओक्सेटीन सुरू आहे. सुधारणा टिकली तर किमान वर्षभर ते चालू ठेवून मग हळूहळू उतरवायचं ठरलं आहे, आणि उतरवायची सुरुवात परीक्षेच्या महिन्यात करायची नाही, हे यावेळी बाबांनीच कागदावर लिहून घेतलं.